कोल्हापूरहून जगप्रदक्षिणेच्या क्रूझची तयारी

जगप्रदक्षिणेच्या बहुतेक क्रूझ जानेवारीत निघतात आणि शंभराहून अधिक दिवस चालतात. म्हणून तयारी किमान वर्षभर आधी सुरू करावी. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतरही सहा महिने शिल्लक असावी, आणि शिक्क्यांची गर्दी लक्षात घेता ३६ ऐवजी ६० पानांचाच पासपोर्ट मागावा.

खरी कसोटी व्हिसांची. भारतीय प्रवाशाला अमेरिका, शेंगेन देश (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश), ऑस्ट्रेलिया यांचे व्हिसा वेगवेगळे काढावे लागतात, आणि शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नसल्यामुळे बंदरांच्या तारखा समोर ठेवूनच अर्जांचा क्रम लावावा. मार्गात आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका असल्यास पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी.

भाडे सहसा दोघांच्या केबिनवर माणशी आकारतात. एकट्याने जाणाऱ्याला ते बरेच महाग पडते. तेवढा वेळ किंवा पैसा नसेल, तर एकच टप्पा घ्यावा. माझ्या मते पनामा कालव्याचा, कारण सुमारे ८० किलोमीटरच्या त्या वाटेत जहाज जलपाशांतून (पाण्याची पातळी कमीजास्त करणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांतून) पायरीपायरीने वर चढताना दिसते.

कांदा-लसूण चटणीची बरणी आपण नेणारच. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्याचे नियम कडक असल्याने तिथे उतरताना ती केबिनमध्येच ठेवावी.