कॉन्ट्रॅक्टचा रेट ठरवताना एजंटसमोर या चुका टाळा

पुण्यात आयटीमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे बरेच जण रेटची बोलणी फोनवर दोन मिनिटांत उरकतात आणि मग वर्षभर कुरकुरतात. एजंट, म्हणजे क्लायंट कंपनीला कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस, हे काम रोज करतो, आपण वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्यामुळे फोन उचलायच्या आधी आपला हिशोब कागदावर तयार पाहिजे म्हणजे पाहिजेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे महिन्याच्या पगाराला २२ ने भागणं. समजा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १८ लाख आहे, म्हणजे महिन्याला दीड लाख, भागिले २२ केलं की दिवसाचे साधारण ६,८००, त्यावर पाचशे-हजार चढवायचे आणि सांगून मोकळं व्हायचं. पण इथे काम नाही तर पैसे नाहीत. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ काढा, क्लायंटच्या सुट्ट्यांचे १०, रजा आणि आजारपणाचे मिळून १९, आणि दोन प्रोजेक्टच्या मधे महिनाभर घरी बसावं लागलं तर त्याचे २०. उरले २१२ दिवस. १८ लाख भागिले २१२ म्हणजे जवळपास ८,५००, आणि एवढे मिळाले तर कुठे नोकरीची बरोबरी होते, मेडिक्लेम आणि लॅपटॉपचा खर्च तर अजून धरलाच नाहीये.

दुसरं म्हणजे "करंट सीटीसी किती?" विचारलं की लगेच आकडा सांगून टाकणं. एकदा सांगितला की पुढची सगळी बोलणी त्याच्याभोवतीच फिरते. शांतपणे म्हणा, "ते पॅकेज पर्मनंटचं आहे, इथे तुलना होणार नाही, या रोलचं बजेट काय आहे ते सांगा ना." खोटा आकडा मात्र चुकूनही सांगू नका, नंतर सॅलरी स्लिप मागतात.

"बजेट फिक्स आहे हो" हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. क्लायंट एजन्सीला जो रेट देतो त्यातून एजन्सीचं मार्जिन निघतं, त्यामुळे बऱ्याचदा थोडी जागा असते. आणि खरंच नसेल तर पेमेंट ६० ऐवजी ३० दिवसांत मागा, सहा महिन्यांनी रेट रिव्ह्यू मागा, नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा मागा. त्यांनी एका आठवड्यात काढायचं आणि आपण मात्र दोन महिने थांबायचं, हे मान्य करायचं कारणच नाही.

आता जीएसटी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की रजिस्ट्रेशन लागतं आणि आयटी सेवांवर १८ टक्के लागतो. "१०,००० ऑल इन्क्लुजिव्ह" ला हो म्हणालात तर तुमच्या हातात ८,४७५ च राहतात, म्हणून "प्लस जीएसटी" हे शब्द मेलवर पाहिजेतच. प्रोफेशनल फीवर १० टक्के टीडीएस कापला तर तो रिटर्न भरताना हिशोबात येतो, पण दर महिन्याला हातात तेवढे कमी येणार हे धरून चाला. एजन्सी स्वतःच्या पेरोलवर घेणार असेल तर तोच आकडा सीटीसी होतो आणि पीएफचे दोन्ही हिस्से, तुमचा आणि कंपनीचा, बहुतेक त्यातूनच जातात, तेव्हा इनहँड किती ते आधीच लिहून घ्या.

रेट मेलवर आल्याशिवाय प्रोफाइल क्लायंटकडे पाठवू देऊ नका. एकाच रोलला दोन एजंटांनी तुमचं नाव पाठवलं की भांडणाच्या भीतीने क्लायंट तुम्हालाच बाजूला ठेवू शकतो, म्हणून कुठल्या क्लायंटसाठी, कुठल्या रेटला परवानगी दिली ते मेलमध्ये स्पष्ट लिहा.

घाईत कमी रेट सांगून बसला असाल तर इंटरव्ह्यूच्या आधीच सांगा, "जेडी (जॉब डिस्क्रिप्शन) वाचला, यात ऑन-कॉल सपोर्ट आहे, त्यामुळे रेट असा असेल." सिलेक्शन झाल्यावर रेट वाढवणं मला पटत नाही, काम बदललं असेल तरच.

आणि "क्लायंटने दिले की देऊ" हे कलम दिसलं तर ते काढायला लावा. स्वतःच्या नावाने बिल करत असाल तर उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून ठेवा, ते फुकट आहे. त्यानंतर लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही आणि करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. आधी बिल नंबर आणि तारखा टाकून साधा मेल करा, त्यानेही हलले नाहीत तर छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पेमेंटसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.