जर्मनीत मुलांना घेऊन येताय? आधी वायफायचं बघा

आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), बँक खातं, किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता), हे सांगायला दहा जण आहेत. मी टोरंटबद्दलच, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली उतरवण्याबद्दलच बोलणार, कारण त्यात माझे हात पोळलेत.

इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. वकिलांच्या एका कचेरीतून जाड पाकीट आलं, म्हणजे आबमानुंग, पैसे मागणारी कायदेशीर ताकीद: अमुक रात्री तुमच्या इंटरनेटवरून सिनेमा वाटला गेला. कनेक्शन माझं, म्हणून पत्र माझ्या नावाने. उतरवला होता थोरल्याने, वय 13. पुण्यात आपण सिनेमे पेनड्राइव्हवर फिरवले, कुणी चोर म्हटलं नाही. टोरंटमध्ये मात्र उतरवता उतरवता तुकडे इतरांना जातात, आणि पत्रं येतात ती मुख्यतः त्यासाठी. घाबरून मी सोबतच्या 'पुन्हा असं करणार नाही' या हमीपत्रावर जशीच्या तशी सही ठोकली आणि 900च्या वर युरो भरले. ती सही आयुष्यभर मानगुटीवर. पुन्हा तीच चूक झाली की दंड वेगळा.

पाकीट आलं तर मुदत चुकवू नका, जशीच्या तशी सही करू नका, फेर्ब्राउखरत्सेन्ट्राले, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र गाठा. 'फेकून दे रे, काही होत नाही' म्हणणारे मंडळाच्या ग्रुपवर भेटतील. कोर्टात त्यातला एकही सोबत येत नाही.

कार्ल्सरुहेतल्या बीजीएचमध्ये, म्हणजे दिवाणी खटल्यांच्या जर्मनीतल्या सर्वोच्च कोर्टात, 2012 साली 13 वर्षांच्या मुलाच्या 1147 गाण्यांचं प्रकरण गेलं. आईवडील सुटले, कारण हे बेकायदा आहे असं त्यांनी मुलाला आधीच बजावलं होतं. संशयाला जागा नसेल तर कॉम्प्युटर तपासत बसायची सक्ती नाही. 2015 साली त्याच कोर्टात मात्र एक आई अडकली. तिने मुलीला नीट वागायचे सर्वसाधारण नियम सांगितले होते, ते पुरले नाहीत. आपलं 'शहाण्यासारखं वाग' म्हणजे तेच की! फाइल शेअरिंगचं नाव घेऊन मनाई करा. आमच्याकडे नियम कागदावर आहेत, खाली मुलांच्या सह्या. बायको हसते, हसू दे. आणि कुणी केलं हे माहीत असून मुलाचं नाव लपवलं, तर त्याच कोर्टाच्या 2017च्या निकालाप्रमाणे भरपाई आपल्याच गळ्यात येते.

गेममधल्या खरेदीचं एवढं भय नको. आपली संमती नसेल तर अल्पवयीन मुलाचा व्यवहार सहसा टिकत नाही. वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या मुलाचा फोटो मात्र विचारल्याशिवाय टाकू देऊ नका. आणि 14 पूर्ण झाले की फौजदारी खटला थेट पोरावर होऊ शकतो, हे त्याच्या वाढदिवसाआधीच त्याला सांगा.