गाडीवरचा छोटा पोचा घरच्या घरी कसा काढावा

रात्री शेजारच्या स्कूटरचं हँडल दाराला टेकतं आणि सकाळी रुपयाच्या नाण्याएवढा पोचा दिसतो. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा पेठांतल्या गल्लीत गाडी लावणाऱ्याला हे चुकत नाही. असा पोचा घरी निघतो, पण रंग शाबूत असेल तरच.

पोच्यावरून नख हळूच फिरवा. कुठे अडकलं, तर रंगाला तडा गेलाय आणि ओढताना त्याचा पापुद्रा निघेल. मग फ्रिजवरचं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून लावून पाहा. आजूबाजूला घट्ट चिकटतंय आणि पोच्यापाशीच सैल पडतंय, म्हणजे आधीच्या डेंटिंगची लांबी (पुट्टी) आत भरलेली आहे. तिथे हात लावू नका. जुनी गाडी घेतली असेल तर ही तपासणी चुकवू नका.

बंपरचं काम सोपं. तो प्लास्टिकचा असतो, गरम झाला की मऊ पडतो. उकळतं पाणी पोच्यावर सावकाश ओता, जाड हातमोजे घालून मागच्या बाजूनं दाबा आणि आकार आला की लगेच गार पाणी ओता. पार्किंग सेन्सरच्या आसपास मात्र जपून.

पत्र्याला गरम पाण्याचा उपयोग नाही. पसरट, उथळ खड्डा असेल तर ओल्या सक्शन कपनं निघू शकतो. नाण्याएवढ्या पोच्याला ग्लू लागतो: ग्लू गन, पोच्यावर चिकटवायचे प्लास्टिकचे छोटे टॅब आणि ते धरून ओढायचा छोटा स्क्रूचा पूल. असं किट ऑनलाइन मिळतं, किंवा नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. आयसोप्रोपिल अल्कोहोलही हवं. ते तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे विचारा.

काम सावलीत करा. मी एकदा एप्रिलच्या दुपारी उन्हात बसलो, तर पत्रा इतका तापला होता की ग्लू धरेचना, टॅब नुसता घसरून यायचा.

गाडी धुऊन पुसून घ्या. पोच्याजवळ ट्यूबलाइट किंवा लांब एलईडी पट्टी धरा आणि तिचं प्रतिबिंब पाहा. सरळ रेघ जिथे वाकते तिथे खड्डा. सगळं काम या रेघेकडे बघत करायचं, नुसत्या बोटांवर विसंबू नका. पोच्याची जागा अल्कोहोलनं पुसा. खड्ड्यापेक्षा थोडा लहान टॅब घ्या, त्यावर ग्लू लावून बरोबर खोल बिंदूवर बसवा आणि ग्लू गार होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबा. मग पूल लावून स्क्रू थोडा थोडा फिरवा. टॅब सुटला की ग्लूच्या कडेला अल्कोहोल सोडा, मिनिटभर थांबा, ग्लू आपोआप उचलून येतो. नखानं खरवडू नका.

पहिल्या ओढीत पोचा पूर्ण निघत नाही, आणि निघावा असा हट्टही नको. जोरात ओढलं की खड्ड्याच्या जागी उंचवटा येतो. तो बसवायला नायलॉनच्या टोकाची कांडी ठेवून हलके ठोके द्या. कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम पाहिलं असेल तर लक्षात येईल: एका घावात काही होत नाही, शेजारी शेजारी पडणाऱ्या हलक्या ठोक्यांनी धातू जागेवर येतो. ओढा, रेघ बघा, ठोका, पुन्हा ओढा. सात-आठ फेऱ्या सहज लागतात.

दाराच्या कडेवर किंवा बॉडीच्या ठसठशीत रेषेवर पत्रा मुडपला असेल, तर थेट डेंटरकडे जा. विम्याचा क्लेम करायचा विचार असेल, तर आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती जाईल ते पाहा. तो 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढत जातो, आणि एका छोट्या पोच्यासाठी तो गमावणं महागात पडतं.

रंग उडून पत्रा उघडा पडला असेल, तर पोचा राहिला तरी चालेल, पण गाडीच्या कलर कोडचा टचअप पेन पावसाळ्याच्या आधी लावून घ्या. जूनच्या ओलीत गंज रंगाखालून पसरायला लागतो.