कॅम्पर व्हॅनमधला गॅस : घाट उतरण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, करून घ्यायची ठरली की आधी पलंगाची चर्चा होते, मग सोलरची, मग स्पीकरची. गॅसचं 'शेवटी बघू कुठंतरी' असं राहतं. आणि हे कुठंतरी म्हणजे बहुतेक वेळा ओट्याखालचं कपाट, इन्व्हर्टरच्या शेजारी.

यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. घरात गळती झाली तर गॅसला दाराखालून सरकायला थोडी तरी वाट असते. व्हॅनचा तळ मात्र काठाच्या परातीसारखा असतो, त्यात गॅस साचून राहतो. हवेत साधारण 2 टक्के गॅस मिसळला की पेटायला एक ठिणगी पुरते, आणि ती इन्व्हर्टरच्या रिलेतूनही, म्हणजे आतल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचमधूनही, उडू शकते. म्हणून सिलिंडरला वेगळा खण करून घ्या. खणाचं दार गाडीच्या बाहेरून उघडणारं हवं, राहण्याच्या बाजूला एकही फट नको, आणि तळाला जाळीचं भोक, तेही सायलेन्सरपासून लांब. शेगडीच्या बाजूलाही फरशीलगत एक झरोका ठेवा. धूळ येते, उंदीर शिरतात म्हणून या भोकांत कापडाचा बोळा कोंबणारे महाभाग आहेत. पावसाळ्यात तर बोळ्याचीही गरज नसते, चिखलानं भोक आपोआप बुजतं. निघताना खाली वाकून बघायचा आळस करू नका.

गॅसचा अलार्म छताला लावणं ही याच चुकीची धाकटी बहीण. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट वेगळी. गगनबावड्याचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे काचा बंद, छतावरची झडप बंद आणि आत शेगडीवर रस्सा रटरटतोय, असा बेत रंगतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे. स्वयंपाक चालू असताना झडप उघडी हवीच, चार थेंब आत आले तर येऊ देत. ऊब हवी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं तर सरळ जिवावरचा खेळ. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो झोपायच्या जागेजवळ लावा.

करूळ किंवा फोंडा घाट उतरताना गाडी जी हादरते, त्यात गॅसचे जोड सैल होतात. रबरी नळी पत्र्याच्या कडेला घासते ती याच हादऱ्यांत, म्हणून पत्र्यातून नळी जाते तिथं रबरी बुश हवाच. चालत्या गाडीत सिलिंडरचा कॉक बंद ठेवायचा, यावर वाद नको. मुक्कामी पोचल्यावर कॉक उघडा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर जोड घट्ट करा किंवा वायसर बदला. काडी पेटवून गळती शोधणारे अजून भेटतात, त्यांना हात जोडावेत. नळी आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळीच घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते. 5 वर्षं झाली की धडधाकट दिसली तरी बदला.

ज्योत पिवळी होऊन भांडं काळं पडतंय? बर्नरची भोकं आणि हवेची वाट साफ करा. ज्योत भडकते, मधेच फुरफुरते? सिलिंडर आडवं झालंय का बघा. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस नळीत उतरतो, आणि थेंबभर द्रवाचा साधारण अडीचशे पट वायू होतो. थंडीत पहाटे आंबोलीत ज्योत बारीक झाली तर दोष रेग्युलेटरचा असेलच असं नाही. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळे गारठ्यात दाब पडतो. ऊन वर येईपर्यंत थांबा. सिलिंडरखाली निखारे किंवा वर उकळतं पाणी, यातलं काहीही करू नका. आणि चायनीजच्या गाडीवरचं हाय प्रेशर रेग्युलेटर घरगुती शेगडीला जोडू नका.

सिलिंडर घेताना मुठीजवळच्या पट्टीवरचं अक्षर वाचा. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे वर्ष. बी-27 म्हणजे जून 2027 ला चाचणीची मुदत. मुदत उलटलेलं सिलिंडर परत करा. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊच नका, ते बेकायदा आहे आणि छोटं सिलिंडर काठोकाठ भरलं की उन्हात फुगणाऱ्या द्रवाला जागाच उरत नाही.

वास आलाच तर कॉक बंद, दारं सताड उघडी, सगळे बाहेर. दिवा, पंखा, इन्व्हर्टर यांच्या बटणांना हात लावू नका, चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. फोन गाडीपासून लांब जाऊन करा, गळतीसाठी 1906 क्रमांक दिवसरात्र चालतो. वास पूर्ण जाईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही.