टाकीतल्या झाडांचं खत निवडताना आधी पान बघा

माझ्या मत्स्यालयातल्या जावा फर्न या पाणवनस्पतीच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसायला लागली, तेव्हा मी लोहाची बाटली आणली. झाड अशक्त दिसतंय म्हणजे लोह कमी पडलंय, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दोन महिने नेमाने टाकत राहिले. भोकं मोठी झाली, त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या आणि एकेक पान काळवंडून कुजलं. वडिलांशी फोनवर बोलताना हे सहज निघालं. ते जन्मभर शेतकरी. मत्स्यालयाशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "जुनं पान की नवं?"

"जुनी, खालची."

"मग लोह कशाला घालतेस? लोह कमी पडलं की शेंडा सांगतो. पालाश बघ."

खत निवडण्याची माझी पद्धत त्या प्रश्नापासून सुरू झाली, आणि आजही मी तिथूनच सुरुवात करते.

त्यामागचं कारण सोपं आहे. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात हलवता येतात. टंचाई आली की झाड जुन्या पानातून ती काढून घेतं आणि कोवळ्या कोंबाला देतं, म्हणून खुणा आधी खालच्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम, मँगनीज, बोरॉन ही मात्र एकदा पानात बसली की तिथून सहसा हलत नाहीत. ती कमी पडली तर शेंड्याकडची नवी पानं बिघडतात आणि जुनी तशीच हिरवीगार राहतात.

जुनं पान सगळंच्या सगळं फिकट पिवळं पडत असेल तर नत्र कमी. जुन्या पानावर बारीक भोकं आणि त्यांना पिवळी कडा असेल तर बहुतेक वेळा पालाश. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. हेच चित्र नव्या पानावर दिसलं, म्हणजे शिरा हिरव्या आणि बाकी पान जवळजवळ पांढरट, तर लोह. नवी पानं वेडीवाकडी, आखूड, मुडपलेली निघत असतील तर कॅल्शियम तपासा. पाणी फार मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असलं की असं होतं. स्फुरदाची खूण ओळखायला अवघड, कारण झाड नुसतं खुरटतं. अशा वेळी मी अनुबियास या संथ वाढणाऱ्या झाडाच्या जुन्या पानांकडे बघते. त्यांवर खरवडल्याशिवाय न निघणारे हिरवे ठिपक्यांचे शेवाळ वाढू लागलं, की स्फुरद कमी असल्याची शंका घ्यायला जागा असते.

दोन गोष्टी फसवतात. जावा फर्नच्या पानामागे तपकिरी फुगीर ठिपके येतात ते बीजाणूंचे, तो रोग नव्हे. आणि नव्याने आणलेली रोपं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात आल्यावर त्यांची जुनी पानं विरघळतातच. क्रिप्टोकोरीन तर नुसती जागा बदलली तरी सगळी पानं टाकते आणि काही आठवड्यांनी मुळापासून पुन्हा फुटते. रोप लावून महिना झालेला नसेल तर पान वाचून खत ठरवू नका.

पान वाचून झालं की टाकीत किती पाणी आहे ते मोजा. माझी टाकी ६० × ३० × ३० सेंटीमीटरची, हिशेबाने ५४ लिटर. पण तळाची वाळू, दगड, लाकूड आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. बाटलीवरचा डोस नेहमी लिटरमागे असतो, तेव्हा खरा आकडा माहीत हवा. टाकी पहिल्यांदा भरताना बादल्या मोजल्या तर सगळ्यात उत्तम.

मग मासे. माशांना टाकलेल्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद पाण्यात येत असतं. टाकीत मासे भरपूर, झाडं थोडी, दिवा साधा, अशी स्थिती असेल तर या दोहोंची गरज बहुधा खाद्यातूनच भागते. कमी पडतं ते पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं (लोह, मँगनीज वगैरे). अशा टाकीसाठी नत्र-स्फुरद नसलेली बाटली घ्यावी. याउलट मासे मोजके, झाडं दाट आणि दिवा प्रखर असेल, वर कार्बन डायऑक्साइडही सोडत असाल, तर नत्र-स्फुरदासकट सगळं असलेलं खत लागतं. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांवर 'संपूर्ण' असं छापलेलं असू शकतं. म्हणून पुढचं नाव वाचू नका, मागचा तक्ता वाचा. तुमच्या टाकीत कुठली बाजू आहे हे नायट्रेटचं, म्हणजे पाण्यातल्या नत्राच्या एका रूपाचं, टेस्ट किट सांगेल. पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी मोजून नायट्रेट १० ते २० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) येत असेल तर बाहेरून नत्र घालायची गरज नाही. शून्याजवळ येत असेल तर झाडं उपाशी आहेत.

माझ्या टाकीत तेव्हा नायट्रेट १५ होतं, म्हणजे नत्र पुरेसं. हवं होतं फक्त पालाश. त्यासाठी मी पोटॅशियम सल्फेट घेतलं. हे पांढरं, पाण्यात विरघळणारं क्षार आहे आणि त्याच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग पालाश असतो. अर्धा ग्रॅम क्षार ४५ लिटर पाण्यात गेलं की पालाश ५ पीपीएमने वाढतं. अर्धा ग्रॅम दर वेळी तोलणं कटकटीचं, म्हणून १० ग्रॅम क्षार विरघळवून २०० मिलिलिटर द्रावण करून ठेवलं. त्यातलं १० मिलिलिटर म्हणजे बरोबर अर्धा ग्रॅम. नत्रही कमी असतं तर मी पोटॅशियम नायट्रेट घेतलं असतं, त्यात दोन्ही एकदम मिळतं: १०० लिटरला १ ग्रॅम घातलं तर नायट्रेट सुमारे ६ आणि पालाश सुमारे ४ पीपीएम वाढतं.

खत साठत जाईल ही भीती मलाही होती. कागदावर मांडलं तेव्हा गेली. दर आठवड्याला आधी निम्मं पाणी बदललं आणि मग ५ पीपीएम घातलं, तर झाडांनी कणभरही न घेता ते १० पीपीएमच्या वर कधीच जात नाही. कारण साठलेल्यातलं निम्मं दर आठवड्याला बाहेर जातं. पाव पाणी बदललं तर हीच मर्यादा २० होते. टाकीतल्या झाडांचे जाणकार टॉम बार यांची 'एस्टिमेटिव्ह इंडेक्स' ही खत घालायची पद्धत याच हिशेबावर उभी आहे: भरपूर घाला, आठवड्याला निम्मं पाणी बदला, मोजत बसू नका. पण ती प्रखर दिवा आणि कार्बन डायऑक्साइड असलेल्या टाक्यांसाठी आखलेली आहे. साध्या टाकीत तेवढा डोस नको. तिथे बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरुवात करा आणि तीन आठवडे बदलू नका.

लोह घ्यायचंच असेल तर ते कशात बांधलेलं आहे ते बघा. साधं लोह पाण्यात टिकत नाही, म्हणून ते चिलेटेड स्वरूपात, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधून, देतात; ईडीटीए, डीटीपीए वगैरे ही त्या रेणूंची नावं. ईडीटीए असलेलं लोह पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) साडेसहाच्या पुढे फारसं टिकत नाही. डीटीपीए सव्वासात-साडेसातपर्यंत तग धरतं. ईडीडीएचए त्याहूनही वर टिकतं, पण पाण्याला लालसर रंग देतं. ग्लुकोनेट झाडाला चटकन मिळतं आणि चटकन संपतंही, ते थोडं थोडं रोज द्यावं लागतं. पाणी जड (जास्त क्षारांचं) आणि पीएच सातच्या वर असेल तर डीटीपीए शोधा. स्फुरदाशी लोहाचं पटत नाही, दोन्ही एकत्र आले की साका बसतो. मी एक सोमवारी देते, दुसरं गुरुवारी.

आता मुळांकडे. अमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिस्नेरिया, टायगर लोटस यांची मुळं दणकट असतात आणि ती तळातून बरंच अन्न ओढतात. तळाला नुसती धुतलेली वाळू असेल तर त्यात काहीच नसतं. अशा झाडांना मुळाशी टॅब, म्हणजे खताची गोळी, पुरा: झाडापासून चार बोटांवर, वाळूत खोल, आणि दोन-तीन महिन्यांनी नवी. अनुबियास, जावा फर्न, बुसेफलँड्रा, मॉस, हॉर्नवर्ट आणि तरंगती झाडं यांना टॅबचा उपयोग नाही, ती पाण्यातूनच घेतात. अनुबियास आणि जावा फर्नचं खोड तर वाळूत गाडलंच तर कुजतं.

टॅबऐवजी कुंडीचं दाणेदार खत पुरायचा मोह होतो. मी एकदा ते केलं. स्वोर्डच्या मुळाशी दोन चमचे पुरले, महिन्याभराने झाड हलवताना दाणे वर आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाच गप्पी मेलेले होते. त्या माशांचं मला अजून वाईट वाटतं. कुंडीच्या खतात नत्र बहुधा युरिया किंवा अमोनियमच्या रूपात असतं. मातीत ते चालतं, टाकीत त्याचा अमोनिया होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. पाणी जितकं अल्कधर्मी आणि उबदार, तितका धोका मोठा. मत्स्यालयाच्या खतातही कधीकधी युरिया असतो, पण मोजका. तिथे फक्त डोस ओलांडू नका.

कोळंबी पाळणारे तांब्याला घाबरतात आणि तांबं असलेलं प्रत्येक खत टाळतात. खतातलं तांबं अत्यल्प असतं, झाडाला ते लागतंच. नेमक्या डोसात त्याने कोळंबी मरत नाही. मारतं ते माशांच्या औषधातलं तांबं. आणि 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळतं ते खत नव्हे. त्यात बहुतेक वेळा ग्लुटराल्डिहाइड असतं, आणि व्हॅलिस्नेरियाला ते सोसत नाही.

खत सुरू केल्यावर जुन्या पानांकडे आशेने बघू नका. पडलेलं भोक भरत नाही, पिवळं पान क्वचितच सुधारतं. मी त्या दिवशी फर्नची सगळ्यात खराब चार पानं कापली, उरलेल्यांचा फोटो काढला, आणि वहीत तारीख आणि डोस लिहिला. तिसऱ्या आठवड्यात तीन नवे कोंब उलगडले. सहाव्या आठवड्यापर्यंत ती पानं बोटभर लांब झाली होती आणि एकातही भोक नव्हतं. फोटो वडिलांना पाठवला. त्यांनी परत विचारलं, "आणि शेंडा कसा आहे?"