बजेटमध्ये होम थिएटरचा व्हिडिओ प्रोसेसर घेताना या चुका टाळा

ऑनलाइन दुकानात ‘व्हिडिओ प्रोसेसर’ असं टाकलं की नोव्हास्टार, कलरलाइट अशा नावांची यंत्रं वर येतात. ती स्टेजवरच्या एलईडी वॉलसाठी असतात. मागच्या बाजूला ओळीने इथरनेट पोर्ट दिसले तर तिथेच थांबा, कारण त्यातून निघणारा सिग्नल एलईडी पॅनेललाच कळतो, प्रोजेक्टरला नाही. दुसरी फसगत ‘व्हिडिओ वॉल प्रोसेसर’ची. तो एकच चित्र चार पडद्यांवर वाटून देतो. तिसरी म्हणजे दोन-तीन हजारांचा ‘४के अपस्केलर’. हा १०८०पी (फुल एचडी) सिग्नल घेतो आणि २१६०पी (४के) करून पुढे ढकलतो. हे काम तुमचा ४के टीव्ही फुकटात करतोच, आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं करतो.

खऱ्या व्हिडिओ प्रोसेसरची महत्त्वाची कामं तीन: इंटरलेस्ड सिग्नल (ज्यात चित्राच्या सम आणि विषम रेषा आळीपाळीने येतात) नीट जोडणं, म्हणजे डिइंटरलेसिंग; रिझोल्यूशन वाढवणं, म्हणजे स्केलिंग; आणि एचडीआर चित्र (ज्यात उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असतो) तुमच्या पडद्याच्या उजेडात बसवणं. यातली पहिली दोन घरातल्या तीन-चार यंत्रांना आधीपासून येतात. अडचण अशी की ती सगळी एकाच वेळी तेच काम करत बसतात.

एकाच चित्रावर तिघांची कारागिरी

आपल्याकडच्या एचडी वाहिन्या साधारण १०८०आय (म्हणजे इंटरलेस्ड), ५० हर्ट्झवर येतात. सेटटॉप बॉक्स २१६०पीवर ठेवला असेल तर डिइंटरलेसिंग आणि स्केलिंग दोन्ही तोच उरकतो, आणि सगळ्यात स्वस्त चिप बहुधा त्याच्याचकडे असते. पुढे रिसीव्हर (स्पीकर चालवणारा, चित्रही पुढे पाठवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि टीव्ही आपापलं शार्पनिंग चढवतात. एवढं झाल्यावर मध्ये कितीही महागडा प्रोसेसर बसवला तरी बिघडलेलं परत येत नाही.

तपासायला बातम्यांची वाहिनी लावा आणि खालून सरकणाऱ्या पट्टीकडे बघा. अक्षरांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत असतील किंवा शिरोरेषा थरथरत असेल, तर डिइंटरलेसिंग फसलंय. आता बॉक्स १०८०आयवर आणा, रिसीव्हरचं व्हिडिओ प्रोसेसिंग ‘पास-थ्रू’ किंवा ‘डायरेक्ट’वर ठेवा, टीव्हीचं शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन कमी करा. पट्टी स्वच्छ झाली तर खरेदीचा विषय संपला. एसडी वाहिन्या मात्र या सेटिंगमध्येही बॉक्सच मोठ्या करणार. तेवढं चालवून घ्यावं.

जुन्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी जपून ठेवणाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट: ‘पाल’ (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८ पिक्सेलचं असतं. प्रोसेसर त्यातले चौकोनी ठिपके जरा मवाळ करेल, नवा तपशील आणणार नाही. व्हीसीडीपायी पन्नास हजार घालू नका.

स्वस्तात मिळतोय म्हणून जुना डीव्हीडीओ

डीव्हीडीओ कंपनीचा ‘एज’ किंवा त्याच पिढीतले सेकंडहँड प्रोसेसर अधूनमधून विकायला येतात. त्या काळी ते उत्तम होतेच. पण एज १०८०पीपर्यंतच चालतो, एचडीआर त्याला कळत नाही आणि एचडीसीपी २.२ (४के चित्राची कॉपी रोखणारं कुलूप) त्यात नाही. ४के स्ट्रीमिंग स्टिक किंवा ४के ब्लू-रे प्लेअर त्यातून जोडला की चित्र १०८०पीवर उतरतं, नाहीतर पडदा काळा राहतो. साखळीतलं एक जरी यंत्र एचडीसीपी २.२ न मानणारं असलं तरी हेच होतं. तुमच्याकडे १०८०पी प्रोजेक्टर आणि डीव्हीडीचा मोठा साठा असेल तर मात्र असा प्रोसेसर आजही कामाचा आहे. रिमोट आणि मूळ अडॅप्टर असल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रोजेक्टरवर एचडीआर काळवंडतं, आणि दोष केबलला जातो

प्रोसेसरची खरी गरज पडते ती इथे. एचडीआर चित्रपट बहुधा १००० किंवा ४००० निटच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) मॉनिटरवर तयार होतात. तुमच्याकडे किती निट आहेत ते कागदावर काढा: खरे ल्युमेन (प्रोजेक्टर फेकतो तो एकूण प्रकाश) भागिले पडद्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि आलेल्या उत्तराला ३.१४ने भागा. १०० इंची १६:९ पडदा साधारण २.७५ चौरस मीटरचा असतो. रंग नीट लावल्यावर प्रोजेक्टर १००० ल्युमेन देत असेल आणि पडद्याचा गेन (प्रकाश परत फेकण्याचं प्रमाण) १ असेल, तर सुमारे ११५ निट मिळतात. १२० इंची पडद्यावर तेच ८०वर येतात. खोक्यावर छापलेला आकडा या हिशेबात धरू नका, सिनेमा मोडमध्ये तो बराच खाली येतो.

हजार निटचं चित्र शंभरात बसवायचं म्हणजे टोन मॅपिंग. स्वस्त प्रोजेक्टर ते ढोबळपणे करतात, म्हणून रात्रीचे प्रसंग काळेकुट्ट दिसतात आणि ढगांचा पांढरा ठिगळ होतो. मॅडव्हीआर एन्व्ही किंवा लुमाजेन रेडियन्स प्रोसारखे प्रोसेसर हे काम देखणं करतात, पण त्यांची किंमत लाखांत जाते. बजेटवाल्याने या क्रमाने जावं.

पहिला उपाय फुकट आहे: एचडीआर बंद करा. ॲपल टीव्ही ४केमध्ये फॉरमॅट ‘४के एसडीआर’ ठेवून ‘मॅच डायनॅमिक रेंज’ बंद केलं की ४के तसंच राहतं आणि चित्र उजळतं. ‘एचडीआरचे पैसे मोजलेत’ म्हणून ते चालूच ठेवणं हा हट्ट आहे. डिस्क बघणाऱ्यांनी वेगळ्या प्रोसेसरऐवजी पॅनासॉनिक डीपी-यूबी८२०सारखा, आत एचडीआर ऑप्टिमायझर असलेला प्लेअर शोधावा. प्लेअरच्या मेनूत तुमच्याकडे टीव्ही आहे की प्रोजेक्टर हे सांगावं लागतं. ते न सांगता ‘फरकच पडत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

फायली स्वतःच्या असतील आणि घरात ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी पडून असेल, तर पीसीवर चालणारं मॅडव्हीआर सॉफ्टवेअर मोफत आहे. इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर ४के टोन मॅपिंगची आशा नको. आरटीएक्स ३०६०च्या आसपासचं कार्ड आरामात खेचतं. फ्रेम गळताहेत का ते कंट्रोल + जे दाबून पडद्यावर बघा, आकडा वाढत असेल तर अपस्केलिंगचा अल्गोरिदम हलका करा. ओटीटीचे संरक्षित व्हिडिओ मात्र मॅडव्हीआरमधून जात नाहीत. फक्त ओटीटीच बघत असाल तर यासाठी पीसी घेऊ नका.

जोडल्यावर येणाऱ्या तक्रारी

क्रिकेटमध्ये चेंडू अडखळत जातो: ५० फ्रेमचं प्रक्षेपण स्टिकने ६० हर्ट्झवर पाठवलं की दर सेकंदाला १० फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. फायर टीव्हीत ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’, ॲपल टीव्हीत ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करा. ॲप ते पाळत नसेल तर आउटपुट हातानेच ५० हर्ट्झवर आणा.

काळ्या भागातला तपशील गायब झाला तर सोर्स (बॉक्स, स्टिक, प्लेअर) काळ्या-पांढऱ्याची ‘फुल’ रेंज पाठवतोय आणि पडदा ‘लिमिटेड’, म्हणजे आखूड रेंज धरून बसलाय. उलट झालं की चित्र धुरकट दिसतं. सोर्सपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळीकडे एकच ठेवा. सिनेमासाठी लिमिटेड बरं.

चित्रात चमचमते ठिपके येणं किंवा दोन सेकंद काळोख होणं ही केबलची लक्षणं. १८ जीबीपीएससाठी (एचडीएमआयवरून ४के पाठवण्याचा वेग) साधी तांब्याची केबल पाचेक मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्रोसेसरकडे. भिंतीतला पाइप २५ मिमीचा असेल तर केबलचं डोकं कोपऱ्यावर अडकतं, म्हणून डोकं सुटं होणारी केबल निवडा. केबल बदलूनही चित्र येत नसेल तर टीव्हीच्या त्या पोर्टचं सेटिंग बघा: एलजीत ‘डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. आणि ४के ६० हर्ट्झवर १० बिट आरजीबी १८ जीबीपीएसमध्ये मावतच नाही, तिथे ४:२:२ (रंगाची माहिती कमी पाठवणारा पर्याय) निवडा.

आवाज ओठांच्या पुढे धावतो, कारण प्रोसेसर फ्रेम थांबवून काम करतो. ५० हर्ट्झवर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, २४ फ्रेमच्या सिनेमात ती जवळपास ४२ची. रिसीव्हरच्या ऑडिओ डिलेमध्ये दहा-दहाने वाढवत जा आणि सिनेमा व टीव्हीसाठी दोन वेगळ्या इनपुटवर वेगळे आकडे साठवा. एकच आकडा दोघांना पुरत नाही.