बाळंतिणीचं वजन: लाडू, पट्टा आणि घाई, या चुका टाळा

‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हे पहिल्या महिन्यापासूनच कानावर पडायला लागतं. खरं तर पहिले तीन महिने जास्त खायची गरज नसते. उलट्यांनी वजन किलोभर उतरलं तरी लगेच घाबरायला नको. चौथ्या महिन्यापासून दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर आमटी, कपभर दूध, एवढ्यात ते भागतं.

वजन किती वाढावं हे गरोदरपणाआधीच्या बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती होतं त्या आकड्यावर ठरतं. तो १८.५ ते २४.९ असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ किलो. त्यामुळे जावेशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. मात्र आठवड्याभरात वजन एकदम वाढलं, चेहरा-हात सुजले, डोकं ठणकतंय, नजर अंधुक झाली, तर मीठ कमी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बीपी तपासून घ्या.

खरी गडबड होते ती बाळंतपणानंतर. सकाळी डिंकाचा लाडू, दहाला अळिवाची खीर, जेवताना भातावर तुपाची धार, चारला पुन्हा लाडू, रात्री शिरा. अंगावर पाजताना पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात हे खरं, पण एका मोठ्या लाडवातच दोनशेच्या वर असतात. तीन लाडवांत हिशेब पूर्ण, खीर-शिरा वरचा! लाडू बंद करा असं मी म्हणणार नाही, आईने रात्री जागून वळलेले असतात ते. एक खा, पण चारच्या चहा-बिस्किटांऐवजी. दूध लाडवांवर नाही, बाळाला किती वेळा पाजता त्यावर वाढतं.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे सव्वा महिना होताच जेवण तोडणं. तेवढ्यात गर्भाशय कुठे मूळ आकारावर येत असतं. नंतर आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.

पोटाला पट्टा बांधल्याने आधार वाटतो, चरबी जात नाही. पोट पुढेच राहिलं असेल तर उताणं झोपून, गुडघे वाकवून, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबा. दोनपेक्षा जास्त बोटं आत गेली तर स्नायूंमध्ये फट राहिलेली असू शकते. अशा वेळी सिट-अप्स, क्रंचेस असे उताणं झोपून पोटावर जोर देत उठायचे व्यायाम नकोत, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. सिझेरियन झालेलं असेल तर चालण्यापलीकडचा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच.

सगळं नीट करूनही काटा हलत नसेल, सोबत थकवा, बद्धकोष्ठता असेल, तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. आणि गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी पुन्हा करायचीच. बाळाच्या लसीच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात, ही मात्र हमखास राहते.